उणे साठ, दोन मिनिटं

थंडी हा माझा धंदा.
सित्रातल्या गोदामात सुरमई उणे अठरावर झोपते,
दर दोन तासांनी मी आकडा बघतो, वहीत लिहितो, सही करतो.
बाहेर ऑगस्ट. डांबर चपलेला चिकटतं.
उजव्या करंगळीचं टोक
अकरा साली एका उघड्या पाइपाला लागलं होतं;
तिथे अजून काही कळत नाही.
तव्यावरच्या भाकरीची वाफसुद्धा नाही.

म्हणून डॉक्टर बुदूर जेव्हा म्हणाल्या,
"फासळ्यांखालच्या नसा गोठवू,
एकेक नस, दोन-दोन मिनिटं, उणे साठ,"
तेव्हा मी करंगळी मुठीत लपवली.

सर्वेशच्या छातीत लहानपणापासून एक वाटी.
आंघोळीला तिच्यात पाणी साठायचं,
सुलक्षणा बोट बुडवून त्यालाच टिळा लावायची,
तो खिदळायचा.
चौदाव्या वर्षी खिदळणं संपलं.
समुद्रावर टी-शर्ट घालूनच पाण्यात,
तिसऱ्या मजल्यावर श्वास अर्धा.
आता त्या वाटीखालून पोलादी पट्टी जाणार,
आत गेल्यावर उलटी फिरणार,
छाती आतून वर उचलणार.
"दुखणं वाईट असतं याचं," डॉक्टर म्हणाल्या,
"पूर्वी पोरं आठवडाभर नळ्यांना जखडून विव्हळायची."

मी धंद्यातला प्रश्न विचारला: गॅस कुठला?
त्या जरा थांबल्या. नायट्रस ऑक्साइड.
मग दुसरा: डीफ्रॉस्ट कधी?
लिजी सिस्टर फायलीआड हसली.
डॉक्टर नाही हसल्या. पेनाने एक नळी काढली,
तिच्यात तार. "तार मरते, नळी राहते.
त्याच नळीतून तार परत वाढत येते.
रोज एक मिलिमीटर धरा."
माझ्या करंगळीतली नळी राहिली नसावी.
ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोरगा उठून बसला.
तिसऱ्या दिवशी चालला, ताठ,
शर्टाच्या आत पाटी धरल्यासारखा,
आणि शवर्मा मागितला.
सुलक्षणाने छातीवर हात ठेवला. कळतंय?
"तुझा हात दिसतोय," तो म्हणाला.
ती बाथरूममध्ये गेली,
बराच वेळ नुसता नळ वाहत होता.

घरी, अकराव्या रात्री, त्याच्या अंगावर चहा सांडला.
तो मॅच बघत राहिला.
डाग मला दिसला, त्याला लागला नाही:
लाल, शंभर फिल्सच्या नाण्याएवढा.
तेव्हापासून घरातही रीडिंग सुरू.
तो झोपला की टॉर्च,
डावी काख, उजवी काख, टाके,
कुठे ओरखडा, कुठे फोड.
दुखणं रजेवर गेलं होतं,
त्याची ड्यूटी मी करत होतो.

टेप घेऊन माझीच फासळी मोजली,
काखेपासून मधल्या हाडापर्यंत: एकशे साठ मिलिमीटर.
म्हणजे जानेवारी.
मध्ये एकदा मुंग्या आल्या म्हणाला, मग नाही म्हणाला.
डिसेंबरात शमाल सुटला, मुहर्रकमधली पोरं जाकिटात शिरली,
आणि आठवडाभर त्याच्या छातीत विजेसारखं चमकत राहिलं.
तो उशीत तोंड खुपसून रडला.
मी पाठ थोपटत होतो
आणि, सांगायला लाज वाटते,
आतून खूश होतो.

जानेवारीच्या सात तारखेला, शाळेचा शर्ट घालताना:
"बाबा, हे बटण गार आहे."
कुठलं?
"वरून तिसरं."
सवयीने मी आधी करंगळीच लावली.
काही नाही. मग शेजारचं बोट.
होतं. गार होतं.

त्या रात्री वहीत, दोनच्या रकान्यात,
उणे अठराच्या खाली लिहिलं:
बटण, तिसरं. गार. सही.
सकाळी अन्वर विचारेल
हे कुठल्या चेंबरचं रीडिंग.